सिडनी कॉटन

फ्रेडरिक सिडनी कॉटन (१७ जून १८९४ – १३ फेब्रुवारी १९६९) हे ऑस्ट्रेलियन वैमानिक, संशोधक आणि हवाई छायाचित्रणातील एक प्रवर्तक होते. लहान नागरी विमानात कॅमेरे दडवून अतिउंचीवरून स्पष्ट छायाचित्रे घेण्याची पद्धत त्यांनी १९३९ साली व्यवहारात आणली. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश छायाचित्र-टेहळणीचा पाया तिच्यावर रचला गेला. वैमानिकांच्या ‘सिडकॉट’ या उबदार पोशाखाचे जनकही तेच होत. भारतात, विशेषतः मराठवाड्यात, त्यांचे नाव निराळ्या कारणासाठी घेतले जाते. १९४८ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात विमानांनी चोरून शस्त्रे आणणारे ते हेच कॉटन.

पूर्वायुष्य

कॉटन यांचा जन्म ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातील गुरगंगा या पशुपालन-वसाहतीवर झाला. वडील मोठे पशुपालक होते. साउथपोर्ट येथील शाळेत काही वर्षे शिकल्यावर कुटुंबासह ते १९१० मध्ये इंग्लंडला गेले आणि चेल्टनहॅम कॉलेजात दाखल झाले. दोन वर्षांनी ते मायदेशी परतले व न्यू साउथ वेल्समधील एका पशुपालन-वसाहतीवर उमेदवारी करू लागले. यंत्रांची आवड मात्र लहानपणापासून होती. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेत भरती झाले.

सिडकॉट पोशाख

त्या काळी विमानाचा चालककक्ष उघडा असे. इंग्लिश खाडीवर गस्त घालणारे वैमानिक थंडीने अक्षरशः गारठून जात. १९१६-१७ च्या हिवाळ्यात कॉटन आपल्या विमानाचे इंजिन दुरुस्त करत असताना उड्डाणाचा तातडीचा आदेश आला. नेहमीचे कपडे चढवायला वेळ नव्हता, म्हणून ते तेला-ग्रीसने माखलेल्या कामाच्या पोशाखातच उडाले. उतरल्यावर बाकीचे सहकारी कुडकुडत होते, कॉटन मात्र बऱ्यापैकी उबदार होते. तेलाने कापडाची छिद्रे बुजली होती आणि अंगाची ऊब बाहेर गेली नव्हती, हे कारण त्यांनी ताडले.

या निरीक्षणावरून त्यांनी लंडनच्या रॉबिन्सन अँड क्लीव्हर या दुकानाकडून एकसंध अंगरखा-विजार शिवून घेतली. आत पातळ केसाळ अस्तर, मध्ये हवा न शिरू देणारे रेशमी कापड आणि बाहेर हलके पण घट्ट विणीचे कापड असे तीन थर तिला होते. त्यांच्या नावाची आद्याक्षरे जुळवून या पोशाखाला ‘सिडकॉट’ म्हटले जाऊ लागले. ब्रिटिश हवाई दलात तो १९५० च्या दशकापर्यंत वापरात होता. थंड हवा कोठून येते आणि ऊब कोठून निसटते याचा हा विचार कॉटन यांना वीस वर्षांनी फार उपयोगी पडायचा होता.

पोशाख मान्य झाला, पण शोधकाचे वरिष्ठांशी जमले नाही. ऑक्टोबर १९१७ मध्ये मतभेद विकोपाला जाऊन त्यांनी राजीनामा दिला. हे त्यांच्या आयुष्यात पुढेही घडत राहिले.

न्यूफाउंडलंड आणि रंगीत फिल्म

१९२० मध्ये इंग्लंड ते दक्षिण आफ्रिका असे उड्डाण करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. त्यानंतर ते न्यूफाउंडलंडला गेले. तेथे विमानातून सील प्राण्यांचे कळप हेरून शिकारी जहाजांना कळवणे, टपाल वाहणे, जंगलांची हवाई पाहणी करणे असे उद्योग त्यांनी केले. व्यवसाय म्हणून यांतले फारसे काही टिकले नाही. परंतु बर्फाळ हवेत लहान विमान कसे चालवावे आणि वरून जमीन कशी वाचावी याचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. १९३० च्या दशकात ते ड्युफेकलर या रंगीत फिल्मच्या व्यवसायात शिरले. या निमित्ताने ते युरोपभर, जर्मनीतही, वारंवार जात. श्रीमंत, हरहुन्नरी, स्वतःचे विमान उडवणारा व्यापारी अशी त्यांची ओळख झाली होती आणि नेमकी हीच ओळख गुप्तहेरांच्या नजरेत भरली.

लॉकहीड विमान आणि लपवलेले कॅमेरे

१९३८ च्या सुमारास ब्रिटिश गुप्तवार्ता खात्याच्या हवाई विभागाचे प्रमुख फ्रेडरिक विंटरबॉथम यांना जर्मनीतील विमानतळ, कारखाने व तटबंदी यांची छायाचित्रे हवी होती. शांततेच्या काळात लष्करी विमान धाडणे अशक्य होते. फ्रेंच गुप्तवार्ता खात्यालाही हीच निकड होती. दोघांच्या संमतीने कॉटन यांनी ‘एरोनॉटिकल रिसर्च अँड सेल्स कॉर्पोरेशन’ या व्यापारी नावाखाली अमेरिकेतून लॉकहीड १२ए हे दोन इंजिनांचे छोटे प्रवासी विमान आणवले. सहवैमानिक म्हणून बॉब निव्हन हे कॅनडियन तरुण त्यांना मिळाले. पहिली उड्डाणे मार्च १९३९ मध्ये फ्रेंचांसाठी झाली. पण फ्रेंच अधिकारी घेतलेली छायाचित्रे कॉटन यांनाच दाखवत नसत. अशाने आपण कधी सुधारणार, या वैतागातून त्यांनी ती भागीदारी सोडली आणि केवळ ब्रिटिशांसाठी दुसरे लॉकहीड सज्ज केले. जी-एएफटीएल या नोंदणीअक्षरांचे हे विमान पुढे प्रसिद्ध झाले.

या विमानाच्या धडाच्या तळाशी ब्रिटिश हवाई दलाचे तीन एफ-२४ कॅमेरे बसवले होते. एक सरळ खाली पाही, उरलेले दोन डावी-उजवीकडे तिरके. सुमारे २०,००० फूट (६,१०० मीटर) उंचीवरून या त्रयीला जवळजवळ १८ किलोमीटर रुंदीचा पट्टा एका फेरीत टिपता येई. पंखांमध्ये लायका हे छोटे कॅमेरेही दडवले होते. कॅमेऱ्यांच्या भोकांवर सरकती झाकणे होती. ती मिटली की विमानाच्या पोटाकडे पाहून कोणालाही शंका येऊ नये. झाकणे उघडणे व कॅमेरे चालू करणे ही दोन्ही कामे वैमानिक आसनावरून बटण दाबून करी. जादा इंधनटाक्या बसवून पल्ला दुपटीहून अधिक वाढवण्यात आला. बाजूच्या खिडक्यांना कॉटन यांनी बाहेर फुगलेला, थेंबाच्या आकाराचा पारदर्शक फुगवटा दिला, त्यामुळे वैमानिकाला डोके बाहेर न काढता सरळ खाली पाहता येऊ लागले. आपण नेमके कशावर आहोत हे कळल्याखेरीज कॅमेऱ्याचा उपयोग नाही, ही साधी गोष्ट त्यांच्याआधी अनेकांनी दुर्लक्षिली होती.

खरी अडचण उंचीची होती. आठ-दहा हजार फुटांच्या वर कडाक्याच्या थंडीने कॅमेऱ्याच्या भिंगावर बाष्प जमून गोठते आणि छायाचित्र धूसर येते, असा हवाई दलाचा अनुभव होता. त्यावर इलाज नाही असेच तज्ज्ञ मानत. कॉटन यांच्या विमानात मात्र चित्रे स्वच्छ येत. विमान वेगाने जात असता धडाच्या खाली हवेचा दाब कमी होई आणि कॅमेऱ्याचे भोक उघडताच आतली उबदार हवा तेथून बाहेर ओढली जाई. ही हवा भिंगावरून वाहत असल्यामुळे त्यावर दव धरतच नसे. उपाय इतका स्वस्त होता की तो आधी कोणाला सुचला नाही याचेच नवल वाटते. सिडकॉटमध्ये ऊब आत कोंडली होती, येथे ती हिशेबाने बाहेर सोडली.

विमानाचा रंगही विचारपूर्वक निवडला होता. लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावरून जोधपूरच्या महाराजांचे फिकट हिरवट रंगाचे विमान उडताना कॉटन यांनी पाहिले आणि ते काही क्षणांत आकाशात विरून गेल्याचे त्यांच्या लक्षात आले, असे सांगतात. बदकाच्या अंड्यासारख्या या फिकट छटेचा रंग त्यांनी ‘कॅमोटिंट’ या नावाने वापरला.

जून १९३९ मध्ये हवाई दलाचे अधिकारी मॉरिस ‘शॉर्टी’ लाँगबॉटम यांना बरोबर घेऊन कॉटन यांनी माल्टाहून सिसिली, लिबिया आणि पूर्व आफ्रिकेतील इटालियन ठाण्यांची छायाचित्रे घेतली. जुलैअखेर फ्रँकफर्ट येथील विमान मेळाव्यात तर जर्मन हवाई दलाचे सेनानी आल्बर्ट केसेलरिंग यांनीच या देखण्या विमानातून फेरी मारण्याची इच्छा दर्शवली. कॉटन यांनी त्यांना शेजारी बसवले, सुकाणू त्यांच्या हाती दिले आणि ऱ्हाईनकाठच्या विमानतळांवरून जाताना स्वतः कॅमेऱ्याचे बटण दाबले. लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याबद्दल पाहुण्याने विचारले तेव्हा इंजिनाला इंधन नीट पोहोचत असल्याची ती खूण आहे, असे उत्तर त्यांनी दिले. ही हकिकत मुख्यतः कॉटन यांच्या आत्मकथनातून आलेली आहे, आणि कॉटन हे गोष्ट रंगवून सांगणारे गृहस्थ होते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. विमान फ्रँकफर्टला गेले होते आणि त्यात कॅमेरे होते, याबद्दल मात्र वाद नाही.

ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस ते बर्लिनला होते. जर्मन नेते हेर्मान ग्योरिंग यांना गुप्तपणे वाटाघाटीसाठी इंग्लंडला नेण्याची एक योजना शिजत होती, ती बारगळली. परतताना त्यांनी विल्हेल्म्सहाफेनजवळ जर्मन आरमाराची छायाचित्रे घेतली. काही दिवसांतच युद्ध सुरू झाले.

हेस्टनची तुकडी आणि नि:शस्त्र स्पिटफायर

युद्धाच्या पहिल्या पंधरवड्यात हवाई दलाला डच किनाऱ्यावरील बंदरांची छायाचित्रे हवी होती आणि ती मिळत नव्हती. यासंबंधीच्या बैठकीला कॉटन यांना बोलावले होते. आपल्याला विमान घेऊन जाऊ द्यावे ही त्यांची सूचना मान्य झाली नाही. त्यांनी परवानगीची वाट न पाहता हेस्टनहून लॉकहीड उडवले आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत छायाचित्रांचा संच पुढे ठेवला. अधिकाऱ्यांनी चित्रे वाखाणली, पण युद्धकाळात इतका दर्जा अपेक्षिता येणार नाही असेही ते म्हणू लागले. तेव्हा ही चित्रे आदल्या दुपारचीच आहेत असे कॉटन यांनी सांगितले. संतापाचा भडका उडाला. तरीही सप्टेंबर १९३९ संपण्याआधी त्यांना कार्यकारी विंग कमांडर नेमून हेस्टन येथे एक स्वतंत्र तुकडी देण्यात आली. तीच पुढे ‘छायाचित्रण विकास तुकडी’ या नावाने ओळखली गेली.

टेहळणीसाठी त्यावेळी ब्लेनहाइम ही दोन इंजिनांची बाँबफेकी विमाने वापरली जात. ती मंद होती आणि मोठ्या संख्येने पाडली जात होती. लाँगबॉटम यांनी ऑगस्ट १९३९ मध्येच एक टिपण लिहून पर्याय सुचवला होता. लहान, एकट्या वैमानिकाचे, अतिवेगवान विमान घ्यावे, त्यातून शस्त्रे काढून टाकावीत आणि वेग व उंची हेच त्याचे संरक्षण मानावे, असे त्यांचे म्हणणे होते. कल्पनेचे श्रेय पुष्कळदा एकट्या कॉटन यांना दिले जाते, ते बरोबर नाही. पण ती अमलात आणण्यासाठी लागणारा आडदांडपणा कॉटन यांच्यापाशी होता. लढाऊ दलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांच्याकडून त्यांनी दोन स्पिटफायर मिळवली. एकेक लढाऊ विमान मोलाचे असताना ही मिळकत लहान नव्हती.

हेस्टनला या विमानांतून मशीनगन काढण्यात आल्या, त्यांची भोके पत्र्याने बुजवण्यात आली. सांधे-फटी लिंपून संपूर्ण पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला गेला. दोन्ही पंखांत एकेक एफ-२४ कॅमेरा खाली रोखून बसवला. या उपायांनी वेग लक्षणीय वाढला. १८ नोव्हेंबर १९३९ रोजी लाँगबॉटम यांनी फ्रान्समधील सेक्लाँ येथून आखनच्या रोखाने सुमारे ३३,००० फुटांवरून (१०,००० मीटर) पहिले टेहळणी-उड्डाण केले. इतक्या उंचीवरून स्थान ठरवणे अवघड गेले, पण विमानाला कोणी अडवले नाही.

आता नवी अडचण उभी राहिली. कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभ्यंतर ५ इंच होते. ३३,००० फुटांवरून याचा अर्थ असा की छायाचित्रातील एक इंच म्हणजे जमिनीवरील ६,६०० फूट, म्हणजे प्रमाण सुमारे १ : ७९,०००. पाच इंच बाजूच्या एका फिल्मचौकटीत दहा किलोमीटर बाजूचा चौरस मावे, पण त्यातली आगगाडी केसाएवढी दिसे. लांब नाभ्यंतराची भिंगे आणणे हा एक उपाय होता व ती पुढे आलीच. दरम्यान कॉटन यांनी वेम्बली येथील ‘एअरक्राफ्ट ऑपरेटिंग कंपनी’ या खासगी सर्वेक्षण संस्थेकडे धाव घेतली. तिच्याकडे विल्ड या स्विस कंपनीचे छायाचित्रांवरून सूक्ष्म मोजमाप करणारे यंत्र होते. सर्वेक्षक मायकेल स्पेंडर यांनी त्यावर जर्मन जहाजांची लांबी-रुंदी मोजून दाखवली. फेब्रुवारी १९४० मध्ये लाँगबॉटम यांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून ‘टिरपिट्झ’ ही बांधणी चाललेली प्रचंड युद्धनौका विल्हेल्म्सहाफेनच्या गोदीतच आहे, हे निश्चित करता आले. गुप्त छायाचित्रे एका खासगी कंपनीकडे देणे हा अर्थातच नियमभंग होता. नंतर सरकारने ती कंपनीच ताब्यात घेतली आणि मेडमेनहॅम येथील प्रसिद्ध छायाचित्र-वाचन केंद्र तिच्यातून वाढले.

पदच्युती

कॉटन पुरवठा खात्याला वळसा घालून सामान मिळवत, वरिष्ठांच्या डोक्यावरून थेट मंत्रालयात जात आणि आपल्या माणसांना हव्या तशा सवलती देत. तुकडीतील लोक त्यांच्यावर खूश होते, तुकडीबाहेरचे फारसे कोणी नव्हते. जून १९४० मध्ये फ्रान्स पडत असताना ते तेथील आपली माणसे बाहेर काढण्यात गुंतले होते. परतल्यावर त्यांच्या हाती पदावरून दूर केल्याचे पत्र पडले. तुकडी जेफ्री टटल यांच्याकडे गेली. टटल यांनी मूळ पद्धती कायम ठेवून कारभाराला शिस्त आणली. हा बदल तुकडीच्या हिताचाच ठरला, असे म्हणावे लागते. तथापि ज्याने ती उभारली त्याला युद्धाच्या ऐन मध्यावर वाऱ्यावर सोडणे हे उदारपणाचे नव्हते. १९४१ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ हा किताब मिळाला. हवाई दलात परतण्याचे त्यांचे प्रयत्न मात्र व्यर्थ गेले. विल्यम हेल्मोर यांच्यासह त्यांनी विमानाच्या नाकावर प्रचंड प्रकाशझोत बसवण्याची ‘टर्बिनलाइट’ योजना मांडली. ती प्रत्यक्षात आली, पण रडारपुढे निरुपयोगी ठरली.

त्यांचे दोन्ही तरुण सहकारी युद्धात गेले. निव्हन १९४२ मध्ये मारले गेले, तर लाँगबॉटम जानेवारी १९४५ मध्ये चाचणी-उड्डाणात.

हैदराबादची शस्त्रवाहतूक

भारत स्वतंत्र झाल्यावर हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी सामिलीकरणास नकार दिला. नोव्हेंबर १९४७ मध्ये जैसे थे करार झाला, पण संस्थानातील स्थिती बिघडत गेली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठी भाषक जिल्हे तेव्हा या संस्थानात होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली तेथे मुक्तिसंग्राम चालू होता आणि कासीम रझवीच्या रझाकारांनी खेडोपाडी दहशत माजवली होती. भारताने संस्थानाची आर्थिक कोंडी केली.

या काळात कॉटन यांनी पंतप्रधान मीर लायक अली यांच्याशी व्यवहार ठरवून लँकेस्ट्रियन जातीची चार इंजिनांची विमाने मिळवली. १९४८ च्या उन्हाळ्यापासून ती कराचीहून रात्रीच्या काळोखात भारतीय हद्द ओलांडून बीदर, वरंगळ आदी ठिकाणी उतरू लागली. त्यांत बंदुका आणि दारूगोळा असे, औषधेही असत. कोंडीत सापडलेल्या लोकांना मदत, अशी कॉटन यांची भूमिका होती व निजामाबद्दलची सहानुभूती त्यांनी लपवली नाही. मात्र या शस्त्रांच्या बळावर कोणाचे काय होत होते, याची झळ मराठवाड्यातील गावांना लागत होती. सीमा न विचारता ओलांडण्याचे जे कसब १९३९ मध्ये एका हुकूमशाहीविरुद्ध कामी आले, तेच येथे एका राजसत्तेच्या हट्टासाठी भाड्याने गेले.

लष्करी निकालावर या वाहतुकीचा परिणाम झाला नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. कॉटन यांच्यावर इंग्लंडमध्ये खटला होऊन त्यांना २०० पाउंड दंड झाला. मराठीतील मुक्तिसंग्रामविषयक लेखनात त्यांचा उल्लेख येतो तो शस्त्रांची चोरटी वाहतूक करणारा म्हणूनच. छायाचित्रणातील त्यांच्या कामाची दखल तेथे क्वचितच घेतलेली दिसते. उलट इंग्रजी चरित्रलेखनात हैदराबाद प्रकरण एखाद्या साहसकथेच्या सुरात उरकले जाते.

अखेरची वर्षे

पुढील काळात ते तेल आणि बांधकामाच्या व्यवसायांत होते. पैसा आला तसा गेला. त्यांचे तीन विवाह झाले. राल्फ बार्कर यांनी शब्दांकित केलेले त्यांचे आत्मकथन १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला इंग्लंडमधील ईस्ट ग्रिनस्टेड येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी क्वीन्सलँडमधील टॅलेगॅला येथील दफनभूमीत ठेवण्यात आल्या. जी-एएफटीएल हे लॉकहीड विमान १९४० मध्ये हेस्टनवरील बाँबहल्ल्यात नुकसान होऊनही बचावले आणि दुरुस्तीनंतर अनेक दशके उडत राहिले.